आतल्या बाजूला लावलेली पाटी

शरद ऋतूत हांगझोऊ शहरात पाऊल ठेवणाऱ्याचे स्वागत प्रथम एक सुगंध करतो. रस्त्यांच्या कडेला, बागांत, देवळांच्या आवारात मध्यम उंचीची गर्द हिरवी झाडे असतात आणि त्यांच्या पानांआड तांदळाच्या दाण्याएवढी पिवळसर फुले दडलेली असतात. चिनी भाषेत त्यांना ‘ग्वेइह्वा’ म्हणतात. फूल दिसण्याआधी वास येतो आणि आपल्याकडच्या बकुळीची आठवण होते. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मी तेथे गेलो होतो. माझा पुतण्या नोकरीनिमित्त शांघायला होता. शांघायहून वेगवान रेल्वेने तासाभरात हांगझोऊ येते. त्याच्या कार्यालयातील एक चिनी सहकारी दुभाषी म्हणून सोबत आली होती. शहराच्या मध्यावरचा पश्चिम सरोवराचा परिसर पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात. मी मात्र एका जुन्या औषधालयाच्या शोधात आलो होतो.

वाचकहो, त्यामागचे कारण आधी सांगणे योग्य होईल.

माझ्या दवाखान्यात अनेक वर्षे एक गृहस्थ येत. एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या घरात, बोलायला अत्यंत लाघवी. त्यांना कावीळ ‘ब’चा जुना संसर्ग होता. 2018 साली सोनोग्राफीत त्यांच्या यकृतात तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. पुढील तपासण्यांत तो कर्करोगच ठरला. पण गाठ एकच होती, लहान होती आणि शस्त्रक्रिया करता येईल असे शल्यचिकित्सकांचे मत पडले. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाने मोबाइलवर आलेला एक संदेश मला दाखवला. चिनी वनौषधींच्या गोळ्यांनी यकृताची गाठ विरघळते, चिरफाडीची गरज नाही, असा त्याचा आशय होता. “डॉक्टर, हे द्यावे का?” असे त्याने विचारले. दवाखान्यात गर्दी होती. मी तो संदेश पुरता वाचलाही नाही. “असल्या भूलथापांना बळी पडणार असाल तर माझ्याकडे येऊ नका,” असे मी रागाने बोललो.

ते खरोखरच आले नाहीत. चार महिन्यांनी आले तेव्हा काकांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पोटात पाणी झाले होते आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. सूनबाईंनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्यावरची अक्षरे आमच्यापैकी कोणालाही वाचता येत नव्हती. गाठीने यकृत बिघडवले की त्या गोळ्यांनी, हे मला आजही निश्चित सांगता येत नाही. पण ते चार महिने कोणामुळे गेले, हा प्रश्न स्वतःला विचारला की उत्तरात माझाही वाटा निघतो. मी ‘नाही’ म्हणालो होतो; ‘का नाही’ ते सांगितले नव्हते. खरे तर ते मलाच नीट ठाऊक नव्हते.

टेकडीवरचा ग्रंथकार

पश्चिम सरोवराच्या उत्तर काठावर ‘गे लिंग’ नावाची टेकडी आहे. दगडी पायऱ्या चढून गेलो की ताओ पंथाचे एक देऊळ लागते. चौथ्या शतकातील गे होंग या विद्वानाच्या नावावरून टेकडीला हे नाव मिळाले. अमरत्वाचे रसायन सिद्ध करण्यासाठी तो येथे राहिला, अशी आख्यायिका आहे. अमरत्व त्याला लाभले नाही. पण तातडीच्या उपचारांविषयीच्या त्याच्या ग्रंथातील एक बारीकसा उपाय सोळाशे वर्षांनी जगाच्या उपयोगी पडला. थंडीतापावर ‘छिंगहाव’ ही वनस्पती मूठभर घ्यावी, पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि प्यावा, असा तो उपाय आहे.

हांगझोऊ ज्या झेजिआंग प्रांतात आहे, त्याच प्रांतातील निंगबो येथे 1930 साली तू यूयू यांचा जन्म झाला. मलेरियावरील औषध शोधण्याच्या सरकारी मोहिमेत काम करताना त्यांनी जुने ग्रंथ चाळले. त्यांच्या लक्षात आले की गे होंग वनस्पती उकळायला सांगत नाही, पिळायला सांगतो. म्हणजे उष्णतेने गुण नाहीसा होत असावा. त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला. तो 1971 साली प्राण्यांवर यशस्वी ठरला. नंतर तो त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आधी स्वतः घेऊन पाहिला आणि मगच रुग्णांना दिला. त्या अर्कातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि 2015 साली तू यूयू यांना नोबेल पारितोषिक.

टेकडीवरच्या कट्ट्यावर बसून मी हे पुतण्याला सांगत होतो. तो म्हणाला, “काका, म्हणजे चिनी औषधात तथ्य आहे!” आहे, निश्चित आहे. जुन्या ग्रंथातील ओळ हा येथे पुरावा नव्हता, दिशादर्शक खूण होती. त्या ओळीपासून औषधापर्यंतची वाट प्रयोगशाळेतून आणि रुग्णांवरील चाचण्यांतून गेली. माझ्या त्या मुलाला मी एवढे जरी सांगितले असते, तरी तो ऐकून घेणाऱ्यांपैकी होता.

हजार खणांचे कपाट

टेकडी उतरून आम्ही वू पर्वताच्या पायथ्याशी जुन्या बाजारपेठेत गेलो. तेथे एका अरुंद गल्लीत उंचच उंच पांढरी भिंत दिसते. तिच्या आत आहे ‘हू छिंग यू थांग’. हू शुएयान या धनाढ्य व्यापाऱ्याने हे औषधालय 1874 साली स्थापन केले. आज तेथे संग्रहालयही आहे आणि दुकानही चालू आहे.

आत शिरताच कोरीव लाकडाचा मंद काळोख आणि कडवट, मातकट वास. फळीमागे भिंतभर लहान लहान खणांचे कपाट, प्रत्येक खणाला पितळी कडी. काम करणारी मुलगी चिठ्ठी पाहून एकेक खण ओढते, हातातल्या बारीक तराजूने वजन करते आणि कागदावर लहान लहान ढीग मांडते. दुभाषी मुलीच्या मदतीने मी काही खण उघडून पाहण्याची परवानगी मिळवली. एका खणातल्या पिवळ्या, धागेदार काड्या पाहताच मी थांबलो. हा तर ज्येष्ठमध! त्याला तेथे ‘गानत्साओ’, म्हणजे गोड गवत म्हणतात. पुढच्या खणात सुंठ निघाली, त्याच्या पुढच्यात दालचिनी. ‘अझू’ नावाचे काप हातात घेतले, तर ते हळदीच्याच कुळातले कंद. चिनी वैद्य गाठींवरच्या अनेक काढ्यांत ते वापरतात. परक्या देशात ओळखीची माणसे भेटावीत तसे वाटले.

चिनी वैद्यकात यकृत हे केवळ एक इंद्रिय नाही. ते रक्त साठवते, शरीरातील प्रवाह मोकळा ठेवते, त्याचा संबंध वसंत ऋतूशी, लाकूड या तत्त्वाशी आणि रागाशी जोडलेला आहे. गाठ म्हणजे कोठेतरी साचलेले, थांबलेले काही. म्हणून वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो आणि प्रत्येक रुग्णासाठी दहाबारा वनस्पतींची वेगळी जुळणी करतो. आयुर्वेदाची ओळख असलेल्या मराठी माणसाला ही विचारपद्धती अपरिचित वाटणार नाही. ती सुसंगत आहे, जुनी आहे, सुंदरही आहे. पण सुसंगत असणे वेगळे आणि तीन सेंटिमीटरची गाठ नाहीशी करणे वेगळे.

बाहेर पडताना दुभाषी मुलीने मला मागे वळून वर पाहायला सांगितले. या औषधालयात अनेक पाट्या आहेत. त्या सर्व येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसतील अशा लावल्या आहेत. एकच पाटी उलट, आतल्या बाजूला तोंड करून, काम करणाऱ्यांच्या नजरेसमोर आहे. तिच्यावर दोन अक्षरे आहेत, ‘ज्ये छी’. अर्थ असा : फसवणूक टाळा. खाली बारीक अक्षरांत हू शुएयानने 1878 साली लिहवून घेतलेला मजकूर आहे. त्याचा आशय असा की फसवणूक कोणत्याही व्यापारात वाईटच. पण औषधाचा संबंध जिवाशी आहे, म्हणून येथे ती मुळीच चालणार नाही.

मी त्या पाटीखाली बराच वेळ उभा होतो. काकांच्या बाटलीवर जे लिहिले होते ते गिऱ्हाइकासाठी होते. ती विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणतीही पाटी नव्हती. आणि फळीच्या आतल्या बाजूला तर मीही बसतो.

चाचणी कशाला म्हणावे

यकृताच्या कर्करोगावर चिनी वनौषधींचा उपयोग होतो का, या प्रश्नाचे आज देता येईल असे प्रामाणिक उत्तर कोणते? जगातील यकृत कर्करोगाचे जवळपास निम्मे रुग्ण एकट्या चीनमध्ये आहेत. त्यामुळे या प्रश्नाचा अभ्यासही तेथेच सर्वाधिक झाला. त्यातील दोन उदाहरणे सांगतो.

‘ह्वाइ’ नावाच्या झाडाच्या खोडावर कानाच्या आकाराचे एक अळंबे वाढते. त्याला ‘ह्वाइअर’, म्हणजे ‘ह्वाइ झाडाचा कान’ म्हणतात. त्याच्या अर्काच्या दाण्यांची चाचणी चीनमधील 39 रुग्णालयांत 1044 रुग्णांवर झाली आणि 2018 साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण काढलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला हे दाणे दिले, दुसऱ्याला दिले नाहीत. 96 आठवड्यांनंतर दाणे घेणाऱ्यांपैकी सुमारे 62 टक्के रुग्णांत कर्करोग परतलेला नव्हता. न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 49 टक्के होते.

हा फरक लक्षणीय आहे आणि तो हसण्यावारी नेणे योग्य नाही. पण बारकाईने पाहा. या चाचणीतील प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रिया झालेली होती. अळंब्याने गाठ विरघळली नाही. ती शल्यचिकित्सकाने काढली. अळंबे नंतर आले, सोबतीला आले. शिवाय दुसऱ्या गटाला दिसायला तशीच पण औषध नसलेली पुडी दिली नव्हती, म्हणून निष्कर्षात थोडी शंका राहते. इतर देशांत अशीच चाचणी झाली तर ती शंका फिटेल.

दुसरे उदाहरण ‘इकारिटिन’चे. चिनी वैद्यकात शतकानुशतके वापरल्या जाणाऱ्या एका वनस्पतीपासून मिळवलेला हा एकच शुद्ध घटक. त्याचे प्रमाण मोजता येते, शुद्धता तपासता येते. 2022 च्या जानेवारीत चीनच्या औषध नियंत्रकांनी यकृताच्या प्रगत कर्करोगाच्या काही ठरावीक रुग्णांसाठी त्याला अटींवर परवानगी दिली. तेथेही दावा बरे करण्याचा नाही, आयुष्य काही महिन्यांनी वाढवण्याचा आहे. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराला काही महिन्यांचे मोल मी सांगायला नको.

म्हणजे उत्तर ‘सगळे थोतांड’ असे नाही आणि ‘रामबाण’ असेही नाही. काही वनौषधींनी मुख्य उपचारांच्या जोडीला मर्यादित उपयोग दाखवला आहे. मुख्य उपचारांच्या जागी उभी राहील अशी एकही वनौषधी आजवर सिद्ध झालेली नाही. संदेशात नेमका हाच शब्द बदललेला असतो : ‘जोडीला’च्या जागी ‘ऐवजी’.

आता नाण्याची दुसरी बाजू. ‘अॅरिस्टोलोकिया’ या कुळातील काही वनस्पती चिनी औषधांत पूर्वापार वापरल्या जात. आपल्याकडची ईश्वरी ही त्याच कुळातली. या कुळात एक आम्ल असते. ते मूत्रपिंडे निकामी करते, मूत्रमार्गाचा कर्करोग घडवते, हे 1990 च्या दशकापासून हळूहळू स्पष्ट झाले. तैवानने 2003 साली अशा औषधांवर बंदी घातली. 2017 साली संशोधकांनी तैवानमधील यकृत कर्करोगाच्या 98 गाठींची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 78 टक्के गाठींत या आम्लाने पेशींवर उमटवलेल्या खास खुणा सापडल्या. जे औषध म्हणून घेतले, तेच रोगाला हातभार लावत असावे. शेकडो वर्षे लोक ते घेत होते आणि कोणाच्या लक्षात आले नाही, कारण आज घेतलेल्या काढ्याचा परिणाम दहावीस वर्षांनी दिसतो. ‘पूर्वापार घेत आले आहेत, म्हणजे निर्धोकच’ हा आपला लाडका युक्तिवाद येथे कोलमडतो.

नदीच्या मुखाशी

हांगझोऊहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही मोटारीने छिदोंगला निघालो. पर्यटक या गावी फारसे जात नाहीत. वैद्यकीय ग्रंथांत मात्र त्याचे नाव पन्नास वर्षे येत आहे. शांघाय सोडले की रस्ता यांगत्से नदीच्या खाली जवळपास नऊ किलोमीटरच्या बोगद्यात शिरतो, मग सुमारे दहा किलोमीटरच्या पुलावरून छोंगमिंग बेटावर येतो. बेट ओलांडले की आणखी एक पूल आणि पलीकडे जिआंगसू प्रांतातील छिदोंग. पुलावरून पाहिले तर नदीचा पैलतीर धुक्यात हरवलेला असतो. पाणी गढूळ, दुधी चहाच्या रंगाचे. याच गाळाने येथली जमीन घडवली आहे. सपाट शेते, त्यांच्यामधून काढलेले सरळ पाट, पाटाकाठी बदके.

या शांत दिसणाऱ्या मुलखात यकृताच्या कर्करोगाने एके काळी असा कहर केला होता की 1972 साली येथे खास त्याच रोगासाठी संशोधन संस्था आणि नोंदणी सुरू करण्यात आली. माणसांचेच काय, येथल्या बदकांच्या यकृतातही गाठी सापडत. संशोधकांनी कारणे शोधली ती स्वयंपाकघरात, पाणवठ्यावर आणि रक्तात. दमट हवेत साठवलेल्या मक्याला बुरशी लागे आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होई. मका हेच मुख्य अन्न होते. पाटाचे साचलेले पाणी पिणाऱ्यांत रोग अधिक दिसे, खोल विहिरीचे पिणाऱ्यांत कमी. आणि कावीळ ‘ब’चा विषाणू घरोघरी होता. विष आणि विषाणू एकत्र आले की काय होते, ते शांघायमधील अठरा हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासाने दाखवले. केवळ अफ्लाटॉक्सिन असेल तर धोका सुमारे तिप्पट, केवळ विषाणू असेल तर सुमारे सातपट आणि दोन्ही असतील तर जवळपास साठपट!

एका खेड्यात पाटाकाठी शेंगा सोलत बसलेल्या आजोबांशी दुभाषी मुलीने बोलणे काढले. वय ऐंशीच्या पुढे. लहानपणी दोन्ही वेळ मक्याची पेज खात, असे ते म्हणाले. पाणी याच पाटाचे. दोन मोठे भाऊ पन्नाशीच्या आतच पोट फुगून गेले. “त्यांना काढा देत होता का?” मी विचारले. आजोबांनी हातातली शेंग खाली ठेवली. “वहिनी रोज दोनदा उकळायची,” ते म्हणाले. “मातीच्या भांड्यात. वास सगळ्या गल्लीत यायचा. भाऊ म्हणायचा, याने काही होत नाही. पण प्यायचा. ती एवढा वेळ चुलीजवळ बसलेली असायची, नाही कसे म्हणणार?”

वाचकहो, त्या एका वाक्याने मला माझ्या चिडण्याचे उत्तर मिळाले. काकांच्या घरी ती बाटली आणली ती अज्ञानाने नव्हे. डॉक्टर, शल्यचिकित्सक, परिचारिका या सर्वांना काही ना काही करायचे असते. घरच्या माणसांनी काय करायचे? नुसते पाहत बसायचे? काढा उकळणे म्हणजे हातांना मिळालेले काम असते, बाटली विकत आणणे म्हणजे आशेला दिलेली किंमत असते. हे न ओळखता मी त्यांना दाराबाहेर काढले होते.

छिदोंगमध्ये पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. 1980 च्या दशकात धोरणे बदलली, बाजार खुले झाले आणि लोकांच्या ताटात मक्याच्या जागी तांदूळ आला. शरीरातील अफ्लाटॉक्सिनच्या खुणा घटत गेल्या. पिण्याचे पाणी सुधारले. 1983 ते 1990 या काळात सुमारे ऐंशी हजार नवजात बालकांना घेऊन कावीळ ‘ब’च्या लशीची मोठी चाचणी झाली : काही गावांतील बाळांना जन्मतः लस, इतर गावांत तेव्हा नाही. तीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर जन्मतः लस मिळालेल्यांत यकृताचा कर्करोग 84 टक्क्यांनी कमी आढळला. आज तेथील तरुण पिढीत हा रोग पूर्वीच्या मानाने खूपच कमी झाला आहे. ज्या मुलखात त्याने सर्वाधिक माणसे नेली, तेथे त्याला मागे हटवले ते कोरड्या धान्याने, स्वच्छ पाण्याने आणि एका लशीने. कोणत्याही काढ्याने नव्हे, आणि आम्हा डॉक्टरांच्या शस्त्रानेही नव्हे.

घरी परतल्यावर

आपल्यापैकी कोणी अशा रुग्णाची शुश्रूषा करीत असेल, तर हातांना काम देणाऱ्या काही गोष्टी सांगतो.

रुग्ण जे जे घेतो ते सर्व एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा : काढा, चूर्ण, भस्म, चहा, परदेशातून आलेली गोळी. काहीही लपवू नका आणि डॉक्टर चिडले तरी शांतपणे पुन्हा विचारा. बाटलीवर घटकांची नावे, प्रमाण आणि बनवणाऱ्याचा पत्ता आपल्याला वाचता येत नसेल, तर ती उघडू नका. विकणाऱ्याला विचारा : हे औषध कोणत्या अवस्थेतील किती रुग्णांना दिले, न देणाऱ्यांशी तुलना केली का, आणि शस्त्रक्रियेच्या जोडीला दिले की तिच्याऐवजी? ‘ऐवजी’ हा शब्द आला की तेथून उठा.

रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर अधिकच जपा. ‘डानशेन’सारखी चिनी मुळी वॉरफरिनचा परिणाम वाढवते आणि रक्तस्राव होऊ शकतो. हे केवळ चिनी औषधांचे नाही. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे झाले. 2021 साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला सूज आल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांकडे सोपवू. आपण एवढेच करू, की कोणताही काढा घेताना डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, अन्नावरची वासना गेली, अंगाला खाज सुटली, तर काढा त्याच दिवशी थांबवून रक्त तपासून घेऊ.

घरात एकाला कावीळ ‘ब’ असेल तर सर्वांनी रक्ततपासणी करून घ्यावी आणि संसर्ग नसलेल्यांनी लस घ्यावी. नातवंडाला ही लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत मिळाली का, हे आजीआजोबांनी जरूर विचारावे. रुग्णासोबत जेवल्याने, त्याला मिठी मारल्याने हा रोग पसरत नाही. दाढीचे पाते आणि दात घासण्याचा ब्रश मात्र वेगळा ठेवावा. ज्यांना जुना संसर्ग आहे, विशेषतः ज्यांचे यकृत कठीण झाले आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये. काकांची गाठ तीन सेंटिमीटरची असताना सापडली, ती अशाच तपासणीत.

आणि शेंगदाण्याच्या डब्याकडे एकदा लक्ष द्या. आपल्या पिढीला अन्न टाकणे जिवावर येते, मलाही येते. पण सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा दाणा भाजल्यानेही पुरता निर्विष होत नाही. तो निवडून टाकणे हेही औषधच.

परत आल्यावर काही दिवसांनी मी काकांच्या घरी गेलो. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता. मुलाला छिदोंगच्या आजोबांची गोष्ट सांगितली आणि त्या दिवशी नीट ऐकून न घेतल्याबद्दल क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. सूनबाईंनी चहा आणला. निघताना त्याने विचारले, “डॉक्टर, बाबांना होती ती कावीळ आम्हालाही असेल का?” दुसऱ्या दिवशी सकाळी सहा जण तपासणीला आले. मुलाच्या रक्तात तो विषाणू निघाला. त्याचे यकृत अजून चांगले आहे. आता दर सहा महिन्यांनी तो सोनोग्राफीचा अहवाल घेऊन येतो आणि मी प्रत्येक वेळी कागद बाजूला ठेवून आधी त्याला विचारतो, “याशिवाय आणखी काही घेता का?”